दुपारच्या पेपरातली झोप

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होते तेव्हा वारज्यातल्या एका खोलीत आम्ही दोघी राहायचो. माझं घर तसं पुण्यातच, खडकीला, फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये. पण तिथे अभ्यास होत नाही म्हणून मी बाहेर पडले होते. ती साताऱ्याकडची, शाळामास्तरांची मुलगी. अभ्यासिकेत आमच्या खुर्च्या शेजारी होत्या, तिथेच ओळख झाली.

कॉफीची सवय आम्हाला एकत्रच लागली. जेवण झालं की डोळे मिटायला लागायचे, म्हणून ती थर्मास भरून आणायची. काळी, बिनदुधाची, कडू. पहिले काही महिने मजा वाटली. डोकं लख्ख, पानामागून पान पुढे. मग एका थर्मासने भागेना. संध्याकाळचा दुसरा सुरू झाला.

माझी झोप तुटक झाली, तिची जवळजवळ गेलीच. सकाळी मी विचारायची, "झोपलीस का गं?"

"पडले होते," ती म्हणायची.

रोज तेवढंच. मग कॉफी घ्यायची, कारण झोप झालेली नसायची. आणि झोप व्हायची नाही, कारण कॉफी घेतलेली असायची. हे आम्हाला कळत नव्हतं असं नाही. अभ्यासिकेत सगळ्यांनाच कळत होतं, आणि सगळ्यांच्या टेबलावर कप होते.

तिचे हात कापायला लागले तेव्हा मी तिला जवळच्या डॉक्टरांकडे नेलं. म्हातारे गृहस्थ. त्यांनी नाडी बघितली आणि म्हणाले, "कॉफी बंद करा."

"परीक्षा झाली की करते."

"अहो, तुमच्या परीक्षा संपतात कधी?"

मला हसू आलं. ती हसली नाही. तिचा तो तिसरा प्रयत्न होता, आणि वडिलांनी हा शेवटचा म्हणून सांगितलं होतं.

पूर्वपरीक्षेला आमचं केंद्र एकच आलं, वर्ग वेगळे. सकाळचा पेपर तिला छान गेला. मधल्या सुट्टीत पायरीवर बसून तिने उरलेली कॉफी संपवली आणि म्हणाली, "या वेळी होईल बघ." इतक्या वर्षांत असं ती पहिल्यांदाच म्हणाली होती.

दुपारचा पेपर सुटला. मी फाटकापाशी थांबले. ती सगळ्यात शेवटी आली. गालावर ओढणीच्या जरीचा वळ उमटला होता.

"मला झोप लागली गं," ती म्हणाली.

मला आधी समजलंच नाही. उतारा वाचता वाचता तिने बाकावर डोकं टेकलं होतं. पर्यवेक्षिकेला वाटलं, विचार करतेय. त्यांनी हलवून उठवलं तेव्हा उत्तरपत्रिकेतले अर्ध्याहून जास्त गोल कोरे होते आणि वेळ संपत आली होती.

"इतकी गाढ लागली," ती म्हणाली, "की उठवलं तेव्हा त्यांचा राग आला." ती रडली नाही. रिक्षात बसलो तेव्हा मी तिचा हात धरला.

दुसऱ्या दिवसापासून तिने कॉफी सोडली. डोकं इतकं दुखायचं की ती ओला टॉवेल बांधून बसायची. आम्हाला वाटलं, आठवडाभराने झोप येईल. डोकेदुखी थांबली, झोप आली नाही. निकाल लागल्यावर वडील न्यायला आले. त्यांनी तिची गादी स्वतः गुंडाळली. निघताना मला म्हणाले, "तुम्ही तरी तब्येत सांभाळा, बाळ."

मध्ये तिचा फोन आला होता. गावातल्या बालवाडीत शिकवते. "दुपारी पोरांना झोपवते," म्हणाली, "ती पटापट झोपतात. मी नुसती बघत बसते." मी औषधाचं विचारलं. घेते म्हणाली.

माझंही त्या वर्षी झालं नाही, पुढच्या वर्षीही नाही. खोली सोडून मी खडकीला परत आले. कॉफी मी अजून घेते; न घेऊन बघितलं, झोपेत काही फरक पडला नाही. दुपारी पहिल्या पाळीहून आलेले बाबा अंगावर चादर ओढतात आणि घोरायला लागतात. आई हळूच टीव्ही बंद करते, माझ्या खोलीचा पडदा ओढते आणि शेजारच्या मुलांना दटावते, "ओरडू नका रे, ताई झोपलीय." तिला बरं वाटावं म्हणून मी डोळे मिटून पडून राहते.