कणगी हलवणारे व्याही

आमच्या व्याह्यांसारखा माणूस किन्हवलीपासून मुरबाडापर्यंत दुसरा झाला नाही, आणि होऊही नये. मी चौथी शिकलेला, पण माझं डोकं जाग्यावर आहे. त्यांचं जाग्यावर असलेलं मी कधी बघितलं नाही. बिघडलेली वस्तू कोणीही उघडतो, व्याही नवी वस्तूसुद्धा पेचकस घेऊन आधी उघडणार. एकदा सायकलची ट्यूब ताणून त्यांनी दार आपोआप लागेल असं केलं. लागलं, पण जावयाच्या, म्हणजे माझ्याच मुलाच्या, नाकावर.

पुढं मुलगा-सून मस्कतला गेली, तिकडं नातू झाला. मुलानं व्याह्यांना लॅपटॉप धाडला, टेलिफोनच्या तारेवर वायफायचा डबा ओटीवर बसला. पण विहीणबाई अर्धांगवायूनं आतल्या खोलीत खाटेवर, आणि तिथं चित्र पोचेना. खाट ओटीवर आणू म्हटलं तर त्या कडाडल्या, "आल्यागेल्यापुढं मी अशी पडून ऱ्हाऊ? नाय दिसला नातू तरी चालंल!" आत वायर ओढली, ती उंदरांनी खाल्ली.

मी म्हटलं, "दुसरा डबा घ्या."

"कशाला? हाय त्यालाच शहाणा करतो."

मग शिंक्यातलं दूध उतरवून तिथं डबा टांगला, लाट आत वळावी म्हणून मागं पिठाची चाळणी उभी केली. मांजर खाली बसून आ वासून बघत होतं, शेजारी मी. व्याही लॅपटॉप आरतीच्या ताटासारखा धरून घरभर फिरले आणि माजघरात भाताच्या कणगीपाशी थांबले. "हितं अडकतंय."

"भातात?"

"भातात."

दुसऱ्या दिवशी जातो तर कणगी रिकामी होतेय! नवं भात येईतो कणगीचा तळ दिसू देत नाहीत, हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. मी दारातूनच ओरडलो, "व्याही, वायफायसाठी लक्ष्मी उठवली तुमी?"

"पाप लागलं तर मला लागंल. तुमी ते पोतं उचला."

उचललं. नातू माझाही होता.

रिकामी कणगी बाजूला सरकवली, आणि संध्याकाळी चित्र आलं. अडकत, थांबत, पण आलं. विहीणबाई हसल्या नाहीत, रडल्या नाहीत. चालत्या हाताचं बोट डोळ्यातल्या काजळाला लावून त्यांनी पडद्यावरच नातवाच्या गालाला तीट लावली.

आता त्या नाहीत. लॅपटॉपही कधीचा बंद पडलाय. सगळं उघडून बघणाऱ्या व्याह्यांनी त्याला मात्र अजून पेचकस लावलेला नाही. धूळ पुसतात, तेवढा एक ठिपका सोडून.