ब्रेकवरचा पाव

मास्तरांचा उजवा बूट डाव्याच्या आधी मरायचा. चांभार दर वेळी विचारायचा, "मास्तर, डावा पाय घरी ठेवून फिरता की काय?" डाव्या बुटाचा तळ कोरा असायचा. उजव्याला पंजाखाली खळगा पडलेला असायचा, वर्षानुवर्षं एकाच जागी पागोळी पडावी तसा.

मास्तर लोकांना गाडी शिकवायचे. त्यांच्या गाडीत ब्रेक दोन होते. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारच्या सीटपुढे, खुद्द मास्तरांच्या पायाशी. हा दुसरा ब्रेक अडीअडचणीसाठी असतो. मास्तरांना सगळं जगणंच अडीअडचण वाटायचं, त्यामुळे त्यांचा पाय तिथून कधी हललाच नाही. त्यांच्या गाडीवर इतक्या वर्षांत ओरखडा नव्हता आणि त्यांना त्याचा अभिमान होता. लोक पाठीमागे त्यांना 'थांबा' म्हणत.

पाय गाडीपुरता राहिला असता तर ठीक होतं. पण घरी मुलगी पेल्यात दूध ओतायला लागली की पेला भरायच्या आत टेबलाखाली मास्तरांचा पाय दाबला जायचा. बायको फोनवर बहिणीशी बोलता बोलता सासरच्या विषयाकडे वळायला लागली की पाय. झोपेतसुद्धा पाय. बायकोने पलंगाच्या पायथ्याशी एक जाड उशी दोरीने बांधून ठेवली होती.

"अहो, कोणाला वाचवताय?" ती अर्धवट झोपेत विचारायची.

"ट्रक," मास्तर डोळे न उघडता सांगायचे.

चर्चमध्ये त्यांचा तिसरा बाक. त्या बाकाखालची फळी सैल झाली होती. पाळकसाहेब उपदेश करता करता विषय सोडून आपल्या कॉलेजच्या दिवसांकडे वळले की मास्तरांचा पाय आपोआप खाली जायचा आणि फळी करकरायची. पाळकसाहेब दचकायचे, "तर मुद्दा असा," म्हणायचे आणि परत वाटेवर यायचे. याबद्दल कोणी कोणाला कधी काही बोललं नव्हतं. उपदेश वेळेवर संपायचा, लोक वेळेवर जेवायचे आणि देवाचे आभार मानायचे.

मास्तरांच्या थोरल्या भावाची बेकरी होती. दादांच्या डोळ्यांत पडदा वाढत चालला होता. भट्टीतला पाव त्यांना वासावरून कळायचा, पण रस्त्याला वास नसतो. पावाची गाडी त्यांनी दोनदा दुसऱ्याच्या अंगणात नेऊन उभी केली आणि एकदा तिथे पाव विकूनही आले. मग भाड्याचा ड्रायव्हर ठेवला. तो गप्पिष्ट निघाला. हॉस्पिटलचा नाश्त्याचा पाव दुपारी पोचायला लागला. हॉस्पिटलने सांगितलं, पुढच्या महिन्यापासून वेळेत येणार नसेल तर आम्ही दुसरीकडून घेऊ. हॉस्पिटल गेलं तर बेकरीत उरतं काय, भट्टी आणि दादा. तेव्हा वहिनींनी पदर खोचला आणि दिराच्या गाडीत येऊन बसल्या. परवाना काढायचा आणि पाव स्वतः पोचवायचा.

वहिनी मास्तरांच्या गाडीत सुंदर चालवायच्या. परीक्षा मात्र परीक्षकाच्या गाडीत व्हायची आणि त्या गाडीत ब्रेक एकच होता. वहिनी दोनदा नापास झाल्या. दोन्ही वेळा थांबायची पांढरी रेघ आली, वहिनी शांतपणे बसून राहिल्या आणि गाडी शांतपणे रेघ ओलांडून गेली.

"बाई, थांबला का नाहीत?" परीक्षकाने विचारलं.

"मला वाटलं, थांबेल की आता," वहिनी म्हणाल्या.

त्या दिवसांत चर्चच्या मंडळीने ठरवलं होतं की प्रत्येकाने काही आठवडे एक तरी आत्मिक शिस्त पाळायची. शिंप्याने मौन धरलं होतं. गिऱ्हाइकांना ते कळलंच नाही, कारण त्याच्या तोंडात एरवीही टाचण्याच असायच्या. पेटी वाजवणाऱ्या बाईंनी उपवास धरला होता आणि गाणी पूर्वीपेक्षा बरीच लवकर संपत होती. मास्तरांनी चहातली साखर सोडली होती. आत्मा आणि पोट, दोन्ही एका खर्चात.

बुधवारच्या प्रार्थनासभेत वहिनी देवाच्या कृपेची साक्ष द्यायला उभ्या राहिल्या.

"मी भावजींच्या गाडीत शिकते," त्या म्हणाल्या. "तिथे मला फार मोठा अनुभव येतो. थांबावं असा विचार माझ्या मनात येतो न येतो, तोच गाडी आपोआप थांबते. मी काहीही करत नाही. ही कृपा नाही तर काय? परीक्षकाच्या गाडीत मात्र असं होत नाही. तो माणूस श्रद्धावान दिसत नाही. पुढच्या आठवड्यात माझी तिसरी परीक्षा आहे. त्या गाडीसाठी प्रार्थना करा."

सगळे "आमेन" म्हणाले. शिंप्यालाही म्हणावंसं वाटलं, त्याने मान डोलावली. मास्तर स्वतःच्या बुटांकडे बघत बसले.

पाळकसाहेबांनी त्यांना पायऱ्यांवर गाठलं. "मास्तर, ती गाडी कोण थांबवतं?"

"मी."

"आणि वहिनींना ठाऊक नाही?"

"माझा पाय हलका आहे," मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होताच.

"तुम्ही सोडलंय काय या आठवड्यांत?"

"साखर."

"साखर घ्या परत," पाळकसाहेब म्हणाले. "पाय सोडा. रोज एक तास, वहिनी चालवत असताना पायाला सुट्टी. विश्रांती ही सुद्धा शिस्तच आहे आणि ती तुम्हाला उपवासापेक्षा जड जाईल. मन थाऱ्यावर राहावं म्हणून एक छोटी प्रार्थना देतो. श्वास घेताना म्हणायचं, प्रभू, तू आहेस. श्वास सोडताना म्हणायचं, मग मी कशाला."

"आणि गाडी आदळली तर?"

"हळू आदळा."

दुसऱ्या दिवशी मास्तर सीटवर चक्क मांडी घालून बसले. बूट मागच्या सीटवर. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं आणि त्यातून अंगठा बाहेर डोकावून रस्ता बघत होता.

"भावजी, पाय दुखतोय का?"

"विश्रांती घेतोय."

"आत्ता? मी चालवत असताना?"

"शिस्त आहे. तुम्ही समोर बघा." मास्तरांनी डोळे मिटले. "तू आहेस," ते पुटपुटले, "मग मी कशाला."

गाडी निघाली. वळण आलं, गेलं. पुढे एका बांधकामासमोर रस्ता वाळूच्या ढिगाने अडवलेला होता. वहिनींनी ढीग पाहिला, थांबावं असा विचार मनात आणला आणि हात जोडण्याइतक्या निवांतपणे वाट बघत राहिल्या. गाडी वाळूत शिरली. कोणाला काही झालं नाही. बॉनेटवरून वाळू बराच वेळ घरंगळत राहिली.

"आज कृपा झाली नाही," वहिनी म्हणाल्या.

मास्तरांनी डोळे उघडले. आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांनी मांडी मोडली, पायाशी असलेला दुसरा ब्रेक बोटाने दाखवला आणि हे काय असतं ते सांगितलं.

वहिनींना आधी कळलं नाही. मग कळलं. मग पुन्हा एकदा सगळं कळलं.

"म्हणजे तो तुमचा पाय होता?"

"हो."

"दर वेळी?"

"जवळजवळ."

"मी भर मंडळीत उभी राहून तुमच्या पायाची स्तुती केली?"

मास्तरांनी बाहेर डोकावणारा अंगठा मोज्यात ढकलला.

"आणि तुम्ही पुढच्याच बाकावर बसून ती ऐकून घेतलीत."

"वहिनी, तुम्हाला काही होऊ नये म्हणून..."

"काही होऊ नये म्हणून मला काही येऊच दिलं नाहीत," वहिनी म्हणाल्या. त्यांनी दार उघडलं, चप्पल झटकली आणि बेकरीपर्यंत पायी गेल्या.

मास्तरांना वाटलं, आता या येत नाहीत. त्या रात्री पलंगाची उशी दोरीसकट खाली पडली. पण सकाळी वहिनी ठरलेल्या वेळी हजर झाल्या. हातात कागदी पिशवी होती आणि पिशवीत भट्टीतून नुकताच काढलेला गरम पाव. त्यांनी वाकून पिशवी मास्तरांच्या ब्रेकवर ठेवली.

"तुमचं मन मला दिसत नाही, भावजी. पाव दिसतो. पाय आला की पाव दबेल."

"वहिनी, पावावर पाय द्यायचा म्हणजे..."

"नाही द्यायचा. तेच तर सांगतेय. तुमचे दादा तीनला उठून मळतात तो."

अशी त्यांची खरी शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी वहिनींनी ब्रेक शोधला आणि असा करकचून दाबला की मास्तरांची टोपी पुढच्या काचेवर जाऊन बसली. पिशवी उघडली तेव्हा आतला पाव बुटाच्या तळव्याइतका चपटा होता. वहिनींनी तो निमूटपणे मास्तरांच्या हातात दिला. "घरी न्या. टाकायचा नाही."

घरी मास्तरांच्या बायकोने तो उजेडात धरून पाहिला. "याच्यातून पलीकडचं दिसतंय."

मास्तरांच्या कुटुंबाने आठवडाभर चपटा पाव खाल्ला. मुलगी शाळेच्या डब्यात तो घडी घालून न्यायची. पण घरात त्या पावावरून आध्यात्मिक प्रगती मोजायची सवय लागली. संध्याकाळी मास्तर दारात आले की बायको आधी पिशवी घ्यायची.

"आज जरा जाड आहे," ती म्हणायची. "काय सोडलंत?"

"चौकात सायकलवाला आला होता. त्याला सोडला. म्हणजे, त्याच्यासाठी दाबला नाही. वहिनींनीच थांबवली."

"मग तुम्ही काय केलंत?"

मास्तर विचार करायचे. "काहीच नाही," ते म्हणायचे आणि एखादी मोठी चोरी पचल्यासारखे इकडेतिकडे बघायचे.

काहीच न करणं त्यांना दाढदुखीसारखं वाटायचं. पाय आता दाबत नव्हता, पण हवेत अधांतरी थरथरायचा. मग ती थरथरही कमी झाली. परीक्षेच्या आदल्या दिवशी पाव पिशवीतून बाहेर आला तो तसाच गोल, फुगीर, वर मोज्यातून डोकावणाऱ्या अंगठ्याचा पुसटसा ठसा. बायको म्हणाली, "भोक शिवून देते मोज्याचं."

परीक्षेच्या दिवशी दोघे भाऊ कार्यालयाच्या आवारातल्या बाकावर बसले. वहिनी परीक्षकाच्या गाडीत चढण्याआधी आल्या आणि पावाची पिशवी मास्तरांच्या पायापुढे जमिनीवर ठेवून गेल्या. दादांना गाडी म्हणजे एक निळसर डाग दिसत होता.

"तू सांगत राहा," दादा म्हणाले. "काय चाललंय?"

"निघाल्या. वळल्या. आता मागे घेतायत. घेतली. आता रेघेकडे येतायत." मास्तरांचा उजवा पाय जमिनीवरून उचलला गेला आणि पिशवीच्या वर येऊन थांबला. आवाराच्या त्या टोकाला गाडी, या टोकाला पाय, मध्ये नुसती हवा. तरीही पायाला वाटत होतं की आपण दाबलं नाही तर जगाची चाकं थांबायचीच नाहीत. मास्तरांनी दोन्ही पाय वर घेतले, बाकावर मांडी घातली आणि डोळे मिटले.

"थांबली का?" दादांनी विचारलं.

"माहीत नाही."

"म्हणजे काय? तू बघत नाहीस?"

"नाही."

"अरे गाढवा, मग मी कोणाच्या डोळ्यांनी बघू?"

"बसा ना, दादा. नका बघू."

"मी कुठे बघतोय," दादा म्हणाले. पण त्यांनीही डोळे मिटले. दोघे भाऊ तसेच बसले. भिंतीपलीकडे कोणीतरी बादली आपटली. पावाचा वास आला. मास्तरांनी श्वास घेतला, सोडला आणि त्यांच्या ध्यानात आलं की प्रार्थनेचा दुसरा अर्धा भाग म्हणायचा राहिला आणि तरी काही बिघडलं नाही.

टायर किंचित किंचाळले. मग शांतता. मग दार उघडल्याचा आवाज.

"बाई, इतक्या जोरात दाबायची गरज नव्हती," परीक्षक म्हणत होता. तो स्वतःचा चष्मा सीटखाली शोधत होता. "पण रेघेच्या आत थांबली. पास."

पुढच्या महिन्यापासून हॉस्पिटलचा पाव वेळेवर पोचू लागला. ज्या घरी दादांनी चुकून पाव विकला होता ते घरही वहिनींनी वाटेत जोडून घेतलं. बुधवारी त्यांनी साक्ष सुधारून दिली. "मागच्या वेळी मी ज्याची स्तुती केली तो पाय होता," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. शिंप्याचं मौन त्याच क्षणी सुटलं. तो जो हसत सुटला तो बाहेर जाऊन हसला.

एक गोष्ट मात्र कोणाच्या लक्षात आली नव्हती. मास्तर आता रविवारी तिसऱ्या बाकावर पाय सैल सोडून, डोळे मिटून बसायचे. फळी करकरायची बंद झाली. पहिल्या रविवारी पाळकसाहेब कॉलेजच्या दिवसांकडे वळले आणि तिकडेच गेले. दुसऱ्या रविवारी ते कॉलेजातून त्यांच्या लहानपणात शिरले. तिसऱ्या रविवारी आजोबांची गाय आली. मंडळी चुळबुळायला लागली. लोकांच्या पोटातले आवाज भिंतींवर आपटून परत येत होते. पेटीवाल्या बाईंनी झाकण उघडलं आणि परत मिटलं. पाळकसाहेब अधूनमधून आशेने तिसऱ्या बाकाकडे बघायचे, कारण गाईचं पुढे काय करायचं ते त्यांनाही सुचत नव्हतं. मास्तर मंद श्वास घेत होते.

वहिनी त्यांच्या शेजारीच बसल्या होत्या. पहाटेपासून गाडी चालवून त्यांना भूक लागली होती. त्यांनी समोर बघत, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, उजवी चप्पल फळीवर टेकवली आणि दाबली.

फळी करकरली.

"तर मुद्दा असा," पाळकसाहेब घाईने म्हणाले, आणि आशीर्वादाला हात वर केले.

मास्तरांनी डोळे उघडले. चेहरा झोपून उठलेल्या मुलासारखा झाला होता. "वहिनी," ते हळूच म्हणाले, "बघितलंत? मी काहीच केलं नाही. आपोआप थांबलं."

"हो ना, भावजी," वहिनी म्हणाल्या आणि चपलेत पाय नीट बसवला.