केदारखेड्याहून दोन सह्या आणायच्या होत्या

शुक्रवारी दुपारी माझ्या लेकीचा, रुचिराचा फोन वाजला आणि ती जिन्यातच मटकन बसली. विद्यार्थ्यांच्या लघुपट स्पर्धेत तिला पहिलं बक्षीस मिळालं होतं, शिवाय पुण्यात वर्षभर चित्रपट शिकायची शिष्यवृत्ती. अट एकच. लघुपटात दिसणाऱ्या दोघींच्या सह्या असलेलं संमतीपत्र सोमवारपर्यंत पोचवायचं.

अट किरकोळ वाटते ना? त्या दोघी म्हणजे केदारखेड्यातल्या माझ्या दोन काकू. एकाच अंगणात समोरासमोर राहतात आणि अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. एका लग्नात थोरली काकू जिलबी वाढत होती आणि जिलबी नेमकी धाकटीच्या ताटाशी संपली. तेव्हापासून जे सांगायचं ते दोघी अंगणातल्या चिंगी शेळीला सांगतात. रुचिराने दिवाळीत मोबाईलवर हेच टिपलं होतं.

शनिवारी सकाळी मस्तगडच्या घरून रिक्षाने जालना बसस्थानक गाठलं. भोकरदनची गाडी पकडायची, केदारखेडा वाटेतच लागतं. आठच्या आत गेलात तर बसायला जागा मिळते. महिलांना अर्धं तिकीट असल्याने रुचिरा अर्ध्या तिकिटात खिडकीशी बसली आणि मी पूर्ण तिकिटात दाराशी. वाटेत राजूरला भजी घ्या, पण आधी कंडक्टरला विचारून उतरा. मी न विचारता उतरलो आणि पुडी छातीशी धरून गाडीमागे पळालो.

"साहेब, जल्दी करा!" कंडक्टर ओरडला. "भजे सांडू नका, मला बी ठेवा!"

पूर्णेचा पूल ओलांडला तशी रुचिरा उठून दाराशी आली. "पप्पा, नाही म्हणाल्या तर?"

"तुला कोण नाही म्हणतंय?" मी म्हणालो. माझाही विश्वास नव्हता.

न बोलणाऱ्या दोन काकूंकडे जाणार असाल तर उपाशी जा. थोरलीकडे शेंगुळे खाल्ले. वीस पावलांवर धाकटीकडे भाकरी, ठेचा आणि भरीत. "तिकडं काय पोटभर दिलं नसंल," म्हणत तिने तिसरी भाकरी वाढली.

मग अंगणात बाज टाकून रुचिराने कागद काढला. सहीसाठी दोन ओळी होत्या, एक आणि दोन.

"एक नंबरवर मी," थोरली म्हणाली. "मोठी हाये मी."

धाकटी शेळीकडे वळली. "चिंगे, विचार तिला, सिनेमात आधी कोण दिसतंय?"

रुचिराने मान खाली घातली. आधी धाकटीच दिसत होती.

"मंग माझी सही न्हाई. बिलकुल न्हाई," थोरली उठली.

"आजी, माझं वर्ष जाईल हो!" रुचिराचा आवाज फाटला. "सही नका करू, पण एकदा बघून तरी घ्या."

पोरीच्या डोळ्यांत पाणी बघून थोरली परत बसली. पालथ्या टोपल्यावर लॅपटॉप ठेवला. बाजेच्या एका टोकाला एक काकू, दुसऱ्या टोकाला दुसरी.

"लुगडं किती जुनं दिसून राह्यलं," थोरली कुरकुरली. "मी काय एवढी जाडी हाये?" हे धाकटीने शेळीला विचारलं.

मग तो प्रसंग आला. धाकटी तापाने पडलेली. थोरली तिच्या उंबऱ्यावर खिचडीचं पातेलं ठेवते, "चिंगे, जेवून घे म्हणावं तिला," असं बजावून आपल्या घरात जाते. हे धाकटीला माहीत होतं. पण कॅमेरा थोरलीच्या मागे आत गेला होता. धाकटी बाहेर येऊन पातेलं उचलेपर्यंत थोरली दाराआड उभी होती. बराच वेळ.

लघुपट संपला.

"दाराआडून बघत व्हतीस व्हय?" धाकटीने विचारलं. शेळीला नाही. थोरलीला.

थोरली गडबडली. "पातेलं... पातेलं परत येतंय का ते बघत व्हते."

"दुसऱ्या दिवशी घासून दिल्तं की मी."

"हां. बराबर घासल्तं."

धाकटीने पेन तिच्यापुढे धरलं. "कर आधी. मोठी हायेस."

"न्हाई, तू कर. सिनेमात तूच आधी हायेस."

झालं! आता उलटं भांडण सुरू. पाऊण तास चाललं, तेवढ्यात आमची परतीची गाडी गेली. शेवटी थोरलीने डोळे पुसून पहिल्या ओळीवर सही केली आणि धाकटीने खाली आपलं नाव सावकाश, अक्षराला अक्षर जोडत लिहिलं. रुचिराने दोघींना एकदमच मिठी मारली.

संध्याकाळी पुढच्या गाडीने घरी पोचून चहा पिताना माझ्या एकदम लक्षात आलं.

"रुचे, अकरा वर्षांनी बोलल्या त्या! शूट केलंस ना?"

"नाही."

"अगं, मोबाईल तर हातातच होता!"

"तो वर केला असता ना पप्पा," ती कप खाली ठेवत म्हणाली, "तर दोघी पुन्हा शेळीशी बोलल्या असत्या."

परीक्षकांनी हिला बक्षीस का दिलं, ते मला तेव्हा कळलं.