लाल प्रायमरचा हात

गॅरेजात तात्या गाडीचा गंज खरवडून पत्र्यावर लाल प्रायमर मारायचा आणि त्याचा साडू त्यावर चकचकीत रंग चढवायचा. गिऱ्हाईक रंगावरून बोटं फिरवून म्हणायचं, "वा, काय काम आहे!" साडू लाजल्यासारखं करायचा आणि तात्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी बायकोचंही तेच, "भावजींच्या हातात जादू आहे हो!" जादू म्हणे! अन् खालचा पत्रा काय आपोआप टिकतो?

शेवटी एका पांढऱ्या गाडीच्या दारावरचा गंज त्याने मुद्दामच खरवडला नाही. तसाच प्रायमरखाली दडपला. बघू या म्हणावं आता जादू!

काही महिन्यांत त्या दारावर फोड आले. गाडीवाला तणतणत आला.

"रंग कुणी दिलाय?"

"मीच," साडू म्हणाला.

मग गाडीवाल्याने त्याला सगळ्यांदेखत असं फैलावर घेतलं की बोलायची सोय नाही. हातात लाल ब्रश घेऊन तात्या तिथेच उभा होता, पण रंगाखाली आणखी कुणाचा हात असेल, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

तात्याने दात-ओठ खाल्ले. मेल्याने शिव्यासुद्धा एकट्यानेच खाल्ल्या!