मांजरीमागं चालणाऱ्या कोंबड्या

मेईनोंगच्या पेठेत मान-मोईला ओळखत नाही असं माणूस नाही, आणि तिच्या लग्नातल्या उसन्या कोंबड्यांची गोष्ट ठाऊक नाही असंही माणूस नाही.

आमच्या हाक्का लोकांत नवरीबरोबर कोंबडा आणि तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, अशी जोडी जाते. पायात लाल दोरा. सासरी पोचलं की जोडी नवरीच्या पलंगाखाली सोडायची. आधी कोंबडा बाहेर आला तर पहिला मुलगा, तलंग आली तर मुलगी. मग जोडी तिथंच राहते, अंडी घालते, वेल वाढवते, आणि तिच्या मागोमाग नवरीही त्या अंगणात रुळते. म्हणून त्यांना वाटाड्या कोंबड्या म्हणतात.

मान-मोईच्या लग्नाच्या साली माहेरची सगळी कोंबडी रोगानं झोपली. बापानं बहिणीची जोडी उसनी आणली. तिसऱ्या दिवशी मान-मोई माहेरी पहिल्या भेटीला आली ती डालगं काखेत मारूनच, कारण आत्यानं कोंबड्या परत मागितल्या होत्या.

झालं. सासूला जन्माचं हत्यार मिळालं. भाजीत मीठ जास्त पडलं, भट्टीत तंबाखूचं पान करपलं, पोर रडलं, काहीही होवो, म्हातारी शेजारणीकडं बघून म्हणायची, "सून बरी हाय ओ आमची. वाटाड्याच माघारी पळाला, त्याला ती काय करणार?" मरणाच्या आदल्या दिवशी मान-मोई तिला पेज भरवत होती, तेव्हाही एक घोट घेऊन म्हणाली, "पातळ झालीया. वाटाड्या न्हवता न्हवं."

नवरा अबोल माणूस, भट्टीचा जाळ राखण्यात त्याचा जन्म गेला. पुढं तंबाखू बंद झाली, भट्टी थंड पडली, नवराही गेला. मान-मोई मात्र ते एक वाक्य विसरली नाही. आपल्या लेकीबरोबर आपल्याच अंगणातली, आपल्याच हातानं वाढवलेली जोडी जाईल आणि ती तिथंच राहील, एवढं तिनं मनाशी पक्कं करून ठेवलं होतं.

लेक यू-चेन काउश्युंगला दवाखान्यात नोकरीला. लग्न ठरलं नेइपूच्या वेई-हानशी. तीही हाक्काच माणसं, गावात घर, मागं मोठं अंगण. लेक सुट्टीला आली आणि फोनवर एक चित्र दाखवून म्हणाली, "आई, हल्ली अशी जोडी मिळते दुकानात. प्लास्टिकची. चावी दिली की टकटक चालतात, आणि हगत पण नाहीत."

"हगत न्हाई ती कोंबडी कसली?" मान-मोई म्हणाली आणि अंड्यांच्या टोपलीकडं वळली.

तिची खुडूक कोंबडी जुन्या भट्टीत अंड्यांवर बसली. सगळं रीतीनं चाललं होतं. पण देवाची पालखी नेमकी भट्टीच्या दारावरून गेली आणि पोरांनी तिथंच फटाक्यांची माळ लावली. कोंबडी जी उडाली ती लोंगानच्या झाडावर जाऊन बसली. खाली आली ती दाणे टिपायला; अंड्यांकडं ढुंकूनही बघेना.

शेजारी जाऊ राहायची, आ-लान. तिचं तोंड म्हणजे उघडं खुराडं. ती म्हणाली, "आता तूच बस की अंड्यांवर. एवीतेवी दिवसभर बसूनच असतीस."

"बसलं असतं, पर तुझ्यासारखी ऊब न्हाई माझ्या बुडाला."

मान-मोईनं मासळीवाल्याकडनं थर्माकोलची पेटी आणली, आत बल्ब सोडला, पाण्याची वाटी ठेवली आणि अंडी मांडली. पेटी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. ती रोज अंडं उचलून गालाला लावायची आणि उलथून ठेवायची.

आता या घरात आणखी दोन जीव होते. एक काळा कुत्रा, वू. अंगानं रेडकाएवढा आणि काळजानं उंदराएवढा. दुसरी मांजर, भोपळी. रंगानं पिवळी, घेरानंही नावाला जागणारी. तिनं उभ्या जन्मात उंदीर धरला नव्हता. पेटीचं झाकण ऊबदार आहे हा शोध तिनं पहिल्याच दिवशी लावला आणि वर मुक्काम ठोकला. मान-मोई हाकलायची, ती उतरायची, जांभई द्यायची आणि परत चढायची.

अंडी फुटायला आली तेव्हा एका दुपारी वीज गेली. संध्याकाळ झाली तरी येईना. मान-मोईनं गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या, त्या निवायला लागल्या. तिनं इकडं तिकडं बघितलं. झाकणावर भोपळी पसरलेली, पोट वरखाली होत असलेलं.

"फुकटचं खातीस," मान-मोई तिला म्हणाली, "आज काम कर." आणि तिला उचलून पेटीत ठेवलं. मांजरीनं अंडी हुंगली, भोवती वळसा घातला आणि डोळे मिटले. पुढं वीज आली तरी ती उठली नाही.

चार अंडी फुटली. ओली पिल्लं धडपडत निघाली आणि समोर दिसलं त्या पिवळ्या पोटात शिरली. भोपळीचं तोंड असं झालं, की जणू दुसऱ्या कुणाचा पाहुणा आपल्या दारात उतरलाय. पण बाहेर गार होतं आणि पिल्लं गरम होती. तिनं एकाची मान चाटली. चव आवडली नसावी, पण परत चाटली.

"गिळील गं ती," आ-लान म्हणाली.

"उंदीर गिळला न्हाई तिनं. आळशी हाय, पापी न्हाई."

वूनं एकदा पेटीत नाक घातलं. भोपळीनं त्या नाकावर अशी पंजाची सही केली, की तो तिथून पुढं अंगणाच्या कडेकडेनंच फिरायला लागला. त्याच्या धाकानं मुंगूसही फिरकेनासं झालं, पण ते श्रेय त्याला कुणी दिलं नाही.

चारांत तीन नर निघाले, तलंग एकच. मान-मोईनं तिला जिवापाड जपलं. दोन कोंबड्यांची पुढं आल्याच्या रसात सोय झाली. राहिली जोडी. तुकतुकीत पिसं, लालभडक तुरा, बघत राहावं अशी. खोड एकच. ती जोडी मांजरीमागं चालायची. भोपळी उन्हात लोळली की दोघं तिच्या पोटाशी. भोपळी भिंतीवर चढली की दोघं भिंतीखाली उभी, माना वर करून. दाणे टाकून "या या" म्हटलं तर ढिम्म. मान-मोई भोपळीचं चेमटलेलं जर्मलचं भांडं चमच्यानं वाजवायची, मांजर भातामाशाला पळत यायची आणि मागं ही वरात.

आ-लान हे बघून पदराआड हसायची. "अगं, वाटाड्यानं पुढं चालायचं असतं. तुझे तर मांजरीच्या शेपटीला बांधल्यावाणी मागं. नेइपूला गेल्यावर वाट कोन दावणार?"

"चालतील. पाय हायत त्यांस्नी."

असं म्हणाली खरी, पण त्या दिवशी तिनं भांडं वाजवायचं सोडून कोंबड्यांना तासभर दाण्यांनी बोलावून बघितलं. आल्या नाहीत.

लग्नाचा दिवस उजाडला. जोडीच्या पायांत लाल दोरा बांधून डालग्यात घातली. गाडी सुटली, हट्ट माहेरीच राहावा म्हणून यू-चेननं रीतीप्रमाणे खिडकीतून हातपंखा खाली टाकला, सांडल्या पाण्यासारखी लेक माघारी येऊ नये म्हणून मान-मोईनं गाडीमागं पाणी भिरकावलं. अर्धं रस्त्यावर गेलं, अर्धं वूवर. आमच्यात नवरीची आई पाठोपाठ जात नाही. ती उंबऱ्यावर बसून राहिली. भोपळी डालग्याच्या रिकाम्या जागेवर जाऊन हुंगून आली.

जेवणवेळेला फोन वाजला. यू-चेन कुजबुजत होती.

"आई, पलंगाखालून बाहेरच येत नाहीत. तांदूळ टाकून झाले, मका टाकून झाला. चुलतसासऱ्यांनी झाडू घातला, तर कोंबड्यानं त्यांचा अंगठा फोडला. खोलीत सगळे गुडघ्यावर बसलेत. वेई-हानची आजी दारात स्टूल टाकून बसलीय."

"काय म्हनतीया ती?"

"म्हणतेय, 'हिच्या घरची कोंबडी परत जाणारी दिसतीया.'"

मान-मोईच्या हातातली भाजीची जुडी खाली पडली. तिची सासू मेली होती, पण वाक्य नेइपूपर्यंत चालत गेलं होतं.

"आई, मी ती प्लास्टिकची जोडी पण आणलीय बॅगेत. गुपचूप. चावी देऊ का?"

"चावीला हात लाव, मग सांगते तुला. कोंबड्या काय करत्यात?"

"भिंतीला चिकटून बसल्यात आणि इकडं तिकडं बघतायत. कुणाला तरी शोधल्यासारखं."

मान-मोईनं मान वळवली. भोपळी चुलीपाशी पाय चाटत होती. शेजारी ते चेमटलेलं भांडं.

"यू-चेन, फोनचा आवाज मोठा कर. पलंगाच्या कडंला जमिनीवर ठेव. आनि सगळ्यांस्नी मागं सरकाया सांग."

"आई, काय करणार आहेस?"

"ठेव म्हनते न्हवं."

मान-मोईनं फोन मांडीवर ठेवला, भांडं उचललं आणि चमच्यानं दणादण वाजवायला सुरुवात केली. "ये भोपळे, ये, ये गं माझे बये, ये." चुलीपाशी भोपळी ताडकन उठली. कुंपणापलीकडं आ-लान उठली. वू भुंकायला लागला. आणि फोनमधून नखांचा फरफर आवाज आला, कुणीतरी "आली, आली" म्हणालं, हसण्याचा लोंढा फुटला, मग फोनवर टक्‌ टक्‌ अशा चोची बसल्या आणि फोन बंद पडला.

मान-मोई भांडं हातात धरून बसली. आधी कोण आलं, कुणास ठाऊक. भोपळी भांड्यात डोकावली, भांडं रिकामं. तिनं मान-मोईकडं असं बघितलं, की मान-मोईला उठून मासा तळावा लागला.

तिसऱ्या दिवशी जावई आणि लेक भेटीला आली. मान-मोईनं लेकीच्या तोंडाकडं बघायच्या आधी गाडीच्या मागच्या सीटकडं बघितलं. फळांची टोपली, मिठाईचे डबे. डालगं नव्हतं.

"कोंबड्या?" तिनं विचारलं.

"तिथंच," यू-चेन म्हणाली. "आजी कुणाला हात लावू देत नाही. तलंग आधी आली. आजी म्हणते, कोंबड्याच्या पायात दोरा अडकला होता म्हणून, नाहीतर तोच येत होता."

"दोरा तलंगेच्या पायात पन हुता की."

"मी म्हटलं. तर म्हणाली, 'गप, नवी नवरी हाईस.'"

वेई-हान डोकं खाजवत म्हणाला, "पण सासूबाई, संध्याकाळी खुराड्यात जातच नाहीत. मी, बाबा, सगळे अंगणभर पळतो. आजीनं निरोप दिलाय. म्हणाली, विहीणबाईंना सांग, मांजर पाठवून द्या."

कुंपणावरून आ-लान म्हणाली, "बघ. पोरगी गेली, कोंबड्या गेल्या, आता मांजर बी हुंड्यात."

मान-मोईनं भोपळीकडं बघितलं. ती जावयाच्या बुटावर पाठ घासत होती. घासून झाल्यावर ती बुटावरच बसली.

"पोरगी दिली, जोडी दिली," मान-मोई म्हणाली. "मांजर न्हाई देत. मला ऊब कोन देनार, आ-लान?" आणि ती आत गेली. बाहेर आली ती जर्मलचं भांडं आणि चमचा लाल कागदात गुंडाळून घेऊन. जावयाच्या हातात देत म्हणाली, "दिवस मावळला की खुराड्याच्या दाराशी उभं राहून वाजवायचं. भोपळे, ये म्हनायचं. लाजायचं न्हाई."

"मी म्हणायचं?"

"मग काय तुझ्या आजीनं म्हनायचं?"

जावयानं भांडं मांडीवर धरून गाडी चालू केली. त्या दिवशी भोपळी नव्या बशीतला भात हुंगून तोंड फिरवून बसली. बशी तेवढी बदलली, मासा तोच आहे, हे तिला पटवून कोण देणार? शेवटी मान-मोईनं स्वतःच्या वाडग्यातला भात खाल्ला, तळाशी चार घास ठेवले आणि वाडगा खाली सरकवला. भोपळीनं तो स्वच्छ चाटला.

नेइपूला संध्याकाळी अजून भांडं वाजतं. आजीच वाजवते म्हणे.