‘इतर’मधलं बटण

ऑफिसात त्याला सगळे आवरोबा म्हणत, आणि हे नाव त्याने स्वतःच्या कर्तबगारीवर कमावलं होतं. लोकांचे बोलके निरोप साठवणारं एक ॲप होतं, त्याचं सेटिंग्जचं पान लावणं हे त्याचं काम. कुठला ऑप्शन वर, कुठला खाली, कोण कोणाशेजारी, हे तो वर्गात मुलं बसवणाऱ्या मास्तरांच्या गांभीर्याने ठरवी. घरीही तेच. मोजे रंगाप्रमाणे, चमचे उंचीप्रमाणे. एकदा बायको म्हणाली, “अहो, मला कुठल्या गटात टाकलंय? ‘महत्त्वाचे’ की ‘इतर’?” त्यावर तो खरोखरच विचार करत बसला. पुढचा आठवडा त्याला फार जड गेला.

‘इतर’ हा त्याचा जन्माचा वैरी. पानाच्या तळाशी या नावाचा एक गट होता आणि त्यात तेवीस ऑप्शन एकमेकांच्या अंगावर पडलेले. या महिन्यात त्याने तो गट मोडीत काढला. आवाजाचे ऑप्शन ‘आवाज’मध्ये, माणसांचे ‘माणसं’मध्ये. ‘तीस दिवसांपूर्वीचे निरोप आपोआप पुसा’ हा त्याने ‘साठवण’ या नव्या गटात पहिल्या नंबरावर आणला. रविवारी सगळं आईच्या फोनवर घालून पाहिलं. तो प्रत्येक गोष्ट आधी आईवर करून बघे. तिला सापडलं की जगाला सापडलं. आईला सापडलं. तो खूश होऊन घरी आला.

मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला शेजारच्या टेबलावरच्या दाढीवाल्या प्रोग्रामरने जांभई देत विचारलं, “आवरोबा, ते पुसायचं बटण तुम्ही हलवलंत ना? लोकांनी बंद केलेलं असलं, तर पुन्हा बंद करायला सांगावं लागेल.”

“का?”

“नव्या जागी गेलं की त्याला जुनं काही आठवत नाही. ते आपलं मूळपदावर.”

“मूळपद म्हणजे?”

“चालू.”

“आणि पुसतं कधी?”

“नवं बसवल्यावर पहिल्यांदा निरोपांची यादी उघडली की. एवढं काय झालं? पांढरे पडलात.”

आवरोबाने बॅगही उचलली नाही.

आईच्या फोनवर एकच निरोप होता, तीन वर्षांपूर्वीचा. बाबांचा. “निघालोय गं. पाच मिनिटांत पोचतो. दार उघडं ठेव.” ती पाच मिनिटं काही पुरी झाली नाहीत, बाबा कोपऱ्यावरच कोसळले. तेव्हा आवरोबानेच ‘इतर’च्या ढिगाऱ्यातून ते बटण हुडकून बंद केलं होतं. आई रोज सहाच्या ठोक्याला निरोप ऐके आणि दार किलकिलं करून ठेवी. रविवारी तो संध्याकाळभर तिथे होता म्हणून तिने ऐकला नव्हता, काल तिचं डोकं दुखत होतं. आज ऐकणार.

रस्त्यावर गाड्या खिळल्यासारख्या उभ्या. तो पळत सुटला. पळता पळता त्याने फोन लावला. आई वाजणारा फोन उचलत नसे, त्या दिवसापासून तर नाहीच. मशीनने निरोप ठेवा म्हटलं. ‘यादी उघडू नकोस’ हे यादीतच ठेवून उपयोग काय, एवढं त्या धावपळीतही त्याला कळलं, आणि तोंडातून भलतंच निघालं. काय बोललो ते त्याचं त्यालाही नीट कळलं नाही.

जिन्यात घड्याळ पाहिलं. सहा वाजून चार मिनिटं. वर दार किलकिलं होतं.

आई खुर्चीत, फोन कानाशी धरून. चेहरा नेहमीसारखा शांत. तिने बोट ओठांवर ठेवलं, ऐकून संपवलं आणि फोन मांडीवर घेतला.

“आज दम लागलाय रे त्यांना,” ती म्हणाली. “जिना चढत असतील.”

त्याने तिच्या हातातून फोन घेतला. यादीत एकच निरोप. आजचा, पाच पन्नासचा, त्याच्याच नंबरावरून आलेला. त्याने तो कानाला लावला.

“निघालोय गं. पाच मिनिटांत पोचतो. दार उघडं ठेव.”

आवाज बाबांचा होता. खोकल्यासकट. आईला आयुष्यात कधी ‘गं’ न म्हणालेला तो तिथेच उभा राहिला.

“सापडत नाहीये का काही?” आईने विचारलं.

सापडलं होतं. ‘साठवण’, पहिला नंबर. डोळे मिटूनही सापडावं इतकं नीट लावलेलं. त्याने ते बंद केलं, दोनदा तपासलं आणि फोन तिला परत दिला. सांगावं असं दोनदा तोंडाशी आलं. तिने फोनवरची धूळ पदराने पुसली आणि तो जिथल्या तिथे ठेवला. या घरातली व्यवस्था मुळात कोणाची, हे त्याला पहिल्यांदाच दिसलं.

“दार लावू, आई?”

“राहू दे की. घाई काय आहे?”

तो समोरच्या स्टुलावर बसला. बाबांची खुर्ची रिकामी होती, पण तिच्याकडे त्याने पाहिलं नाही. खाली कोणीतरी जिन्यात पाऊल टाकलं. आवरोबा पायऱ्या मोजू लागला.