वायर काढलेला मॅग्नेटो

अण्णांचा डावा हात प्रेसखाली गेला तेव्हा मशीन बंद होतं.

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये अण्णा, माझे वडील, पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर होते. त्यांनी स्विच ऑफ केला, अडकलेला तुकडा काढायला हात आत घातला आणि पाय चुकून पेडलवर पडला. मोटर बंद होती. पण फ्लायव्हील, म्हणजे मशीनचं जड चाक, अजून फिरत होतं. तेवढा जोर पुरला. तीन बोटं गेली.

आम्ही उदगीरकडचे. काळेवाडीत एका खोलीत राहायचो. अण्णा बरे झाल्यावर त्याच वर्कशॉपच्या गेटवर बसायला लागले. आई मेसच्या पोळ्या लाटायची, मी आणि भाऊ शाळेआधी डबे पोचवायचो. घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मी इंजिनिअर झाले. हे मुद्दाम लिहिते. मला त्याचा अभिमान आहे आणि तो लपवण्याचं कारण मला सापडलेलं नाही.

चाकणच्या एका कंपनीत मी दुचाकींच्या इग्निशनवर काम करते. इग्निशन म्हणजे इंजिनात पेट्रोल पेटवणारी ठिणगी आणि ती वेळेवर पाडणारी सगळी यंत्रणा. त्या ओळखीतून बाळासाहेब माझ्याकडे आले. ते कुरुळीचे जुने शेतकरी. जमीन एमआयडीसीत गेली, आता फॅब्रिकेशनचं शेड आहे. त्या शेडमध्ये ते पाइप वेल्ड करून, कापड ताणून, एका माणसाचं विमान बांधत होते. इंजिन सेकंडहँड, चार सिलिंडरचं. त्याला स्टार्टर नाही. पुढचा पंखा हातानं ओढायचा आणि इंजिन सुरू करायचं.

खंडेनवमीच्या दिवशी मी तळेगाव चौकात दोन कंटेनरांच्या मधे स्कूटरवर अडकले होते आणि मला काही केल्या चैन पडत नव्हतं. कारण साधं होतं. शेडमध्ये पूजा सुरू झाली असणार. बाळासाहेबांच्या घरची रीत अशी, की पूजेनंतर घरातला सगळ्यात मोठा माणूस प्रत्येक मशीनला हातानं एक फेरा देतो. ही रीत विहिरीवरच्या डिझेल इंजिनपासून चालत आलेली. आता फेरा देणारे होते आबा, बाळासाहेबांचे वडील. आणि शेडमधलं शेवटचं मशीन होतं विमान.

"पंख्याला कुणी हात लावायचा नाही," असं मी आदल्या दिवशी सांगितलं होतं.

"मॅडम, देवाचं काम हाय ते," बाळासाहेब म्हणाले होते. "साळुंखे बघंल की सगळं."

साळुंखेकाका मेंटेनन्सचे. मोठ्या कंपनीतून रिटायर झालेले, शिस्तीचे. मशीनला हात लावायच्या आधी त्याची वीज तोडायची, कुलूप घालायचं, लाल टॅग लावायचा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, हा नियम त्यांनी आयुष्यभर पाळला. त्यांच्या हाताखाली कुणाला कधी खरचटलंसुद्धा नव्हतं. त्यांच्यावर माझा भरवसा होता. तरी चैन नव्हतं. सिग्नल सुटला तशी मी फुटपाथला घासून स्कूटर काढली.

शेडमध्ये पोचले तेव्हा लेथला, ड्रिलला, वेल्डिंग सेटला झेंडूच्या माळा होत्या. पाव्हणे खुर्च्यांवर बसलेले. आबा लेथचा चक फिरवून ड्रिलकडे, ड्रिलकडून कॉम्प्रेसरच्या पुलीकडे निघाले होते. पांढरा सदरा, कपाळाला बुक्का, चाल संथ. मागोमाग बाळासाहेबांची बायको कुंकवाचं ताट घेऊन.

साळुंखेकाका मला बघून हसले. "या मॅडम. टेन्शन घेऊ नका, तुमचं विमान फुल आयसोलेट केलंय."

"म्हणजे काय काय केलं?"

"बॅटरी काढली, ती बघा टेबलावर. स्विचची किल्ली माझ्या खिशात. आणि डबल सेफ्टी म्हणून इंजिनवरच्या त्या मॅग्नेटोची वायरपण काढून ठेवली. आता येऊ द्या करंट कुठून येतो ते!"

मी विमानाकडे पळाले.

वाचकांना इथे थांबवून सांगावं लागेल. घरातला दिवा वायर तोडली की विझतो. लेथ, ड्रिल, कॉम्प्रेसर, सगळ्यांचं तेच. मॅग्नेटोचं उलटं. त्याच्या पोटात चुंबक असतं. पंखा फिरला की चुंबक फिरतं आणि मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः बनवतो. बॅटरीशी त्याचा संबंध नाही. तो बंद करायचा तर एकच मार्ग. त्याच्यातून निघालेली एक वायर स्विचमधून इंजिनच्या बॉडीला टेकवायची, म्हणजे बनलेली वीज ठिणगी न पाडता बॉडीत जिरते. म्हणून ती वायर जोडलेली असेल तरच मॅग्नेटो बंद राहतो. वायर तुटली, निसटली किंवा कुणी काढली, की तो चालू. मग किल्ली कुणाच्याही खिशात असो. काकांनी डबल सेफ्टी म्हणून नेमकी तीच वायर काढली होती.

शिवाय सकाळीच काकांनी पेट्रोलच्या लाइनची गळती तपासली होती. कार्ब्युरेटर भरलेला. वास येत होता.

आबांचा तळहात पंख्याच्या पात्यावर होता. बोटं पात्याच्या कडेवरून पलीकडे वळलेली, हँडल धरतात तशी.

"आबा! हात काढा! मागं या!"

आबांनी मान वळवली, हात तिथेच.

"का गं पोरी, चावतो व्हय ह्यो?"

"चावतो, आबा. आधी हात काढा, मग सांगते."

त्यांनी हात काढला. शांतपणे, चारचौघांत मान राखून. मग दोन पावलं मागे आले.

बाळासाहेब जवळ आले. आवाज खाली, पण तापलेला. "मॅडम, पाव्हणे बसल्यात. पूजेच्या टायमाला आरडाओरडा बरा दिसतो का? किल्ली त्याच्या खिशात हाय, बॅटरी टेबलावर हाय. सुरू व्हनार कसं?"

"दाखवते. पाच मिनिटं द्या. सगळ्यांना मागच्या बाजूला घ्या, पंख्याच्या समोर आणि रेषेत कुणी नको."

"आन् न्हाई दिसलं काय तर?"

"तर मी पुन्हा शेडमध्ये येत नाही."

साळुंखेकाकांनीच पाना दिला. चेहरा पडला होता, पण हात चालू होते. विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात. आम्ही सगळे काढले. प्लग काढले की सिलिंडरात दाब राहत नाही, इंजिन पेटू शकत नाही, पंखा नुसता हलका फिरतो. पेट्रोलचा कॉक बंद केला. पेट्रोलचा वास जाऊ दिला. मग एक प्लग मॅग्नेटोच्या केबलला लावून, प्लगच्या भोकांपासून लांब, इंजिनच्या बॉडीवर आडवा ठेवला. उघडा हात पसरून मी पातं हळूच ढकललं.

टक.

हा आवाज मॅग्नेटोच्या स्प्रिंगचा. हातानं पंखा फार हळू फिरतो, तेवढ्यानं ठिणगी पडत नाही. म्हणून आत एक स्प्रिंग आवळत जाते आणि एकदम सुटते, चुंबकाला झटका देते. ती ठिणगी मुद्दाम थोडी उशिरा पडते. लवकर पडली तर पंखा उलटा येतो. जुन्या मोटरसायकलची किक उलटी बसून ज्यांची नडगी सुजली, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

टक झालं आणि प्लगच्या टोकाला निळी ठिणगी पडली. पुन्हा ढकललं, पुन्हा पडली. टेबलावर बॅटरी होती, तिच्यावरही कुणीतरी झेंडूचं फूल ठेवलेलं.

काकांनी खिशातून किल्ली काढली आणि नुसती बघत राहिले. "आयुष्यभर वायर काढली की मशीन मेली मॅडम. ही जिवंत झाली."

"तुमचा नियम बरोबरच आहे काका. हे एकच मशीन त्या नियमात बसत नाही."

मी वायर परत जोडली, स्विच ऑफवर ठेवला, पातं ढकललं. टक झालं. ठिणगी नाही.

"मग काढूनच टाका की ह्ये!" बाळासाहेब म्हणाले. हा आमचा जुना वाद. इंजिनचे मूळचे मॅग्नेटो दोन, त्यातला एक खराब. बाळासाहेबांना दोन्हींच्या जागी बॅटरीवरचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन हवं होतं. "तुमच्या कंपनीत बनतंय तसलं बसवा. हलकं हाय, बंद केलं की गप बसतंय. असलं भूत कशाला ठिवायचं?"

"इलेक्ट्रॉनिक चांगलंच आहे. ठिणगी जोरदार, सुरू व्हायला सोपं. पण वर गेल्यावर बॅटरीची एक क्लिप निसटली तर?"

"तर?"

"तर गप बसतं. खाली गप बसलेलं बरं, वर नाही. मॅग्नेटो वर कुणाकडे काही मागत नाही. म्हणून एका बाजूला हा, दुसऱ्या बाजूला ते. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग त्यासाठीच आहेत."

उत्तर दिलं ते आबांनी.

"आपल्या हिरीवरच्या इंजिनाला कुठं हुती बॅटरी? लाईट गेली तरी पानी यायचं का न्हाई? ऱ्हाऊ दे त्याला. पोरगी म्हनती तसं करा."

मग ते पुढे झाले. "आता लावू का हात?"

"लावा. पण बोटं वळवायची नाहीत. तळहात सपाट. आणि पंखा कायम जिवंत आहे असं समजूनच."

आबांनी सपाट हातानं पंख्याला एक फेरा दिला. टक, टक. नारळ फुटला. रीत मोडली नाही.

दिवाळीपर्यंत खराब मॅग्नेटोच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसलं. त्यानंतरच्या एका रविवारी इंजिन सुरू करायचं ठरलं. अण्णांना मी सोबत नेलं. त्यांना विमानाच्या मागे, भिंतीकडे खुर्ची दिली. जमिनीवरची खडी झाडून घेतली, म्हणजे पाय घसरणार नाही. चाकांपुढे लाकडी ठोकळे. शेपटीचा दोर शेडच्या खांबाला. ओढणी नाही, बांगडी नाही, केस घट्ट बांधलेले. पंखा ओढायचं मी नीट शिकून आले होते, ते काम दुसऱ्या कुणाला दिलं नाही. सीटवर साळुंखेकाका. मी ओरडायचं, त्यांनी करून मगच तेच शब्द परत ओरडायचे.

"ब्रेक!"

"ब्रेक दाबला!"

"थ्रॉटल बंद!"

"थ्रॉटल बंद!"

"स्विच ऑन!"

"स्विच ऑन!"

पातं ओढलं आणि त्याच झोकात मागे आले. काही नाही. काकांनी स्विच ऑफ म्हटल्यावरच पुन्हा पुढे गेले. दुसऱ्यांदा एक खोकला. तिसऱ्यांदा पातं हातातून निघूनच गेलं आणि समोर नुसतं धुरकट वर्तुळ उरलं. शेडचे पत्रे वाजायला लागले. बाळासाहेब काहीतरी ओरडत होते, ऐकू आलं नाही.

बंद करण्याआधी मी काकांना खूण केली. त्यांनी इंजिन हळू करून दोन्ही इग्निशन क्षणभर ऑफ केली. इंजिन विझायला लागलं तसं परत ऑन. वायर जागेवर आहे याचा हा पुरावा, आणि तो दर वेळी घ्यायचा. मग थ्रॉटल बंद, स्विच ऑफ.

आवाज थांबला तशा टाळ्या पडल्या, लोक पुढे धावले. "थांबा!" मी म्हणायच्या आत साळुंखेकाका ओरडले. अण्णा तर खुर्चीवरून हललेच नव्हते. पंखा डुलत डुलत पूर्ण थांबला, काकांनी किल्ली काढून वर धरली, तेव्हा ते उठले. जवळ आले आणि दोन बोटांच्या हातानं पात्याकडे दाखवून म्हणाले, "आता बंद झालं."

विमान अजून उडालेलं नाही. परवानगीचे कागद चालू आहेत. पण इंजिन हातानं सुरू होतं, स्विचनं बंद होतं, आणि अण्णा सोडले तर त्या शेडमध्ये सगळ्यांची बोटं पूर्ण आहेत.